‘त्या क्लिपमधले हवालदार माझे पप्पा आहेत’

प्रश्न (ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात) : वय २६. वडील शहर वाहतूक शाखेत हवालदार, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. एका मराठी वाहिनीवर रविवारी संध्याकाळी वाहतूक पोलिसांवरचा माहितीपट लागला होता. त्यात वडील जेमतेम वीस सेकंद दिसतात. चौकात एका दुचाकीला हात करतात, तरुण हुज्जत घालतो, वडील गाडीची चावी काढून घेतात आणि दृश्य बदलतं. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून फिरवला. त्याखाली प्रतिक्रियांचा ढीग : ‘मामांची वसुली सुरू’, ‘झाडामागे लपून सावज पकडतात’, ‘चावी काढायचा अधिकार कुणी दिला?’, ‘महिनाअखेर आली वाटतं’. काही चांगल्याही आहेत. तोच तुकडा होणाऱ्या सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि नवऱ्या मुलाच्या काकांनी ‘चहापाण्याची सोय झाली’ लिहून हसरे चेहरे टाकले. होणारा नवरा गप्प राहिला. वडिलांनी माहितीपट टीव्हीचा आवाज खूप मोठा करून पाहिला, त्यानंतर त्याबद्दल अवाक्षर नाही. विचारलं तर ‘सोड गं’. मुलीने सगळ्या प्रतिक्रियांना उत्तर म्हणून दोन पानी मजकूर लिहून ठेवला आहे. तो टाकावा का? वाहिनीकडे तक्रार करावी का? आणि पत्राच्या तळाशी, एकदा खोडून पुन्हा लिहिलेलं एक वाक्य : ‘कधी कधी मलाच वाटतं, पप्पांनी खरंच कधी घेतलं नसेल ना?’

उत्तर :

मजकूर अजून टाकला नाहीत हे बरं झालं. तो नीट लिहिलेला असेल यात शंका नाही, पण त्याची किंमत तुम्हाला नाही, वडिलांना मोजावी लागू शकते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला आपल्या कामावर झालेल्या टीकेला परवानगीशिवाय वर्तमानपत्रातून किंवा इतर माध्यमांतून उत्तर देता येत नाही. तुम्ही कर्मचारी नाही, तुम्हाला हा नियम लागू नाही. पण ‘आज पप्पांचा पॉइंट अमुक चौकात होता, साहेबांनी बारा तास उभं केलं, रजा नाकारली’ असं मुलीच्या नावाने बाहेर आलं की शाखेत पहिला प्रश्न हाच येणार : हे घरी कुणी सांगितलं? निवृत्तीला दीड वर्ष असताना तो ताप कशाला?

याच नियमामुळे आणखी एक गोष्ट तपासून घ्यायला हवी. वडील बोलत नाहीत म्हणजे त्यांना लाज वाटतेय, असं तुम्ही धरून चालला आहात. पण ज्या माणसाने तीसेक वर्षं टीकेला उत्तर द्यायचं नाही हीच शिस्त पाळली, त्याला घरच्या सोफ्यावर बसून अचानक बोलतं होता येत नाही. ‘सोड गं’ हे कदाचित एवढंच असेल. त्यांच्या गप्प राहण्याकडे मी शेवटी पुन्हा येते, कारण तुमच्या पत्रातला टीव्हीचा मोठा आवाज मला खटकलाय.

आता त्या प्रतिक्रिया. त्या सगळ्या एकाच गाठोड्यात बांधून तुम्ही त्याला ‘पप्पांवरचे आरोप’ असं नाव दिलंय. मला तसं दिसत नाही. बहुतेक बघणाऱ्यांना तुमचे वडील दिसलेलेच नाहीत. त्यांना दिसला तो त्यांना शेवटचा अडवणारा पोलीस. मुंबई पोलिसांचाच एक व्हिडिओ २०२० च्या जानेवारीत खूप गाजला होता. सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र जोडलं होतं, हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. लोकांनी तो डोक्यावर घेतला, कारण हॉर्न वाजवणारा नेहमी दुसराच असतो. तुमच्या वडिलांच्या दृश्यात प्रेक्षक त्या दुचाकीवर मागे बसलेला आहे. कॅमेरा जर त्या तरुणाच्या खांद्यामागून लावलेला असेल तर मग विचारायलाच नको.

एकेक घेऊ. ‘झाडामागे लपून’ ही तक्रार अर्धी चुकीची, अर्धी बरोबर. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. चालकाला हात दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला तर ते ११ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी नऊ-दहा. म्हणजे वीस मीटर. पावसात यापेक्षा बरंच जास्त. थांबा-रेषेवर उभा असलेला शिपाई सिग्नल तोडून आलेल्याला तिथेच अडवायला गेला तर एक तर त्याच्या अंगावर गाडी येईल किंवा मागून दुसरी आदळेल. म्हणून अडवणारा माणूस चौक ओलांडून पुढे, वीस-तीस मीटरवर असतो, आणि तिथे सावली असली तर तो सावलीत उभा राहणारच. इथवर ठीक. पण थांबा-रेषेजवळ डोळ्यांना दिसेल असा एकही गणवेश नाही आणि सगळे पुढे वळणाआड, अशी मांडणी केली की चलान वाढतात, सिग्नल तोडणं कमी होत नाही. लोक चिडतात ते यावर, आणि त्यांचं चुकत नाही. फक्त कोण कुठे उभा राहणार हे हवालदार ठरवत नाही. पॉइंट सकाळच्या हजेरीला अधिकारी लावून देतो.

‘महिनाअखेर’ आणि ‘वसुली’ यांत दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, चलान करणाऱ्याला त्यातला रुपयाही मिळत नाही. मात्र ई-चलानच्या मशीनवर प्रत्येक कारवाई ज्याच्या लॉगिनने झाली त्याच्या नावावर नोंदली जाते, आणि कुणाच्या नावावर किती, हे वरिष्ठ पाहतात. आकडा पाहिला जातो म्हटल्यावर माणूस सोपी चलानं शोधणार : हेल्मेट नाही, नो पार्किंग. चौकात अडकलेला टेम्पो बाजूला काढण्यात गेलेला अर्धा तास कुठल्याच रकान्यात येत नाही. ‘हे लोक कायम मोबाइलमध्ये’ हीही प्रतिक्रिया तुम्हाला सापडेल. हातातलं ते बऱ्याचदा मशीनच असतं. पण खासगी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे आणि नंतर सवडीने चलान टाकायचं, हा प्रकारही होत आलाय. तो करू नका, असे पोलीस दलाचेच आदेश आहेत.

आणि आता चावी. इथे तुमच्या बाजूने उभं राहता येत नाही, माफ करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की परवाना दाखवावाच लागतो. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधला चालतो. कलम २०७ खाली परवाना नसणं, नोंदणी नसणं अशा ठरावीक कारणांसाठी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला गाडी अडकवून ठेवता येते. पण हात घालून चावी काढून घ्यावी असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. हवालदार ते का करतात हे त्या कामातल्या कुणालाही ठाऊक आहे. हुज्जत घालणारा गाडी रेटून पळतो, कधी बॉनेटवर घेऊन पळतो. भीती खरी आहे, तरी चावी काढणं चूकच, आणि गाडी पुरती थांबलेली नसेल तर धोक्याचंही. योग्य रीत एवढीच, की नंबराचा फोटो घ्यायचा, चलान टाकायचं, पळाला तर पळू द्यायचं आणि बिनतारीवर पुढच्या पॉइंटला कळवायचं. तेव्हा ‘चावी काढायचा अधिकार कुणी दिला’ असं विचारणारा तुमच्या वडिलांचा शत्रू नाही. त्याने प्रश्न बरोबर विचारलाय. तुमच्या दोन पानांत बारा तासांची ड्युटी, ऊन, दिवाळीला घरी नसणं हे सगळं आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्यात चावीबद्दल काही आहे का? नसेल तर वाचणारा तेवढंच धरून बसेल.

वाहिनीकडे तक्रार करायचीच असेल तर रस्ता आहे. २०२१ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. तक्रार आधी वाहिनीकडेच करायची. त्यात कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, दृश्य कितव्या मिनिटाला आहे आणि नेमकं काय चुकीचं आहे हे लिहायचं. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय मिळायला हवा. पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील, तिथे ६० दिवसांची मुदत. पण तुम्ही त्या ‘नेमकं काय चुकीचं’ या ओळीत काय लिहिणार? दृश्य खोटं नाही. कापलं ते वाहिनीने नाही, तिसऱ्याच कुणीतरी. मी तक्रार करणार नाही.

त्या फिरणाऱ्या तुकड्याचं मात्र एक काम आजच करा. शर्टावरची नेमप्लेट वाचता येते का, ते पाहा. येत असेल आणि प्रतिक्रियांत कुणी नाव, बक्कल नंबर, पोलीस लाइनचा पत्ता, घरचा फोन टाकला असेल किंवा ‘बघून घेतो’ छापाचं लिहिलं असेल, तर तेवढ्याच प्रतिक्रियांवर लक्ष द्या. आधी लिंक कॉपी करायची, मग तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, आणि त्यानंतरच त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार. हा क्रम उलटा झाला की मजकूर काढला जातो आणि हातात पुरावा राहत नाही. तिथेही पोच २४ तासांत आणि निकाल ठरावीक मुदतीत अपेक्षित आहे. धमकी असेल तर वडिलांनी ती आपल्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावी. तुम्ही परस्पर ठाण्यात जाऊ नका, कारण प्रकार ड्युटीवर असतानाचा आहे. ‘मामा’, ‘वसुली’ यांच्या मागे धावू नका. दिवसभर धावलात तरी तो ढीग संपणार नाही.

काकांचं काय करायचं? तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : ‘त्यांना ते पप्पा आहेत हे माहीत होतं की नाही, नक्की सांगता येत नाही.’ डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, वीस सेकंद. साखरपुड्याला एकदा कोट-टोपीत पाहिलेल्या माणसाला कुणी यात ओळखेल? मला शंका आहे. मुलाच्या गप्प बसण्याबद्दलही तेच. तो तुकडा न बघताच पुढे गेला असेल, किंवा ओळखलं आणि काय बोलावं ते सुचलं नसेल. या दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक तुम्हाला त्याला विचारूनच कळेल. ग्रुपवर नको, फोनवरही नको, भेटून. ‘तो हवालदार म्हणजे पप्पा. काकांनी लिहिलेलं मला लागलं. तू त्यांच्याशी बोलशील का?’ इतकंच. उत्तर द्यायला दोन दिवस द्या. त्याने पुढाकार घेतला तर विषय तिथे मिटेल. टाळाटाळ केली तर मग ग्रुपवर तुम्हीच लिहा, पण चार ओळींच्या वर नको. उदाहरणार्थ : ‘काका, क्लिपमधले हवालदार माझे पप्पा आहेत. चावी काढली ते बरोबर नव्हतं, मलाही तसं वाटतं. पण पैशाचं त्यात काही नाही. अशी थट्टा पुन्हा नको, ही विनंती.’ खाली हसरा चेहरा टाकू नका.

आणि एक सांगून ठेवते, पोलिसांच्या घरात मोठ्या झालेल्या कुणालाही हे नवीन वाटणार नाही. आज चहापाण्यावर विनोद करणारे काकाच लग्नानंतर कधीतरी फोन करतील : ‘अगं, पप्पांना सांगून माझं ते चलान बघ ना.’ तेव्हा काय सांगायचं ते आताच माहीत असू द्या. ई-चलान सर्व्हरवर चढलं की हवालदाराला ते पुसता येत नाही. चूक असेल तर राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर चलान क्रमांक टाकून हरकत नोंदवायची, सोबत गाडीचा नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो. खऱ्या चुका साधारण तीनच प्रकारच्या निघतात. कॅमेऱ्याने नंबरातला आकडा चुकीचा वाचलेला असतो. किंवा कुणीतरी तुमच्या नंबराची बनावट पाटी लावून फिरत असतं, मग चलानातल्या फोटोतला रंग आणि मॉडेल जुळत नाही. किंवा गाडी विकून झाली पण आरटीओत फॉर्म २९ आणि ३० देऊन नाव बदललेलं नाही, म्हणून दंड जुन्या मालकाच्या माथी. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस ठरावीक दिवसांत पाठवायची असा केंद्रीय नियम आहे, पण नोंदणीतला मोबाइल नंबर जुना असेल तर ती कुठल्या तरी बंद सिमवर जाते आणि माणूस म्हणतो, मला कळवलंच नाही. आधी तो नंबर बदलून घ्यायला सांगा. आणि हो, ‘पोलिसांना नियम नसतात का’ असं कुणी विचारलं तर : मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम २१०-ब आलं. कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट.

आता तळाचं, खोडून पुन्हा लिहिलेलं वाक्य.

त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांकडेही नाही. वीस सेकंदांच्या त्या दृश्यात पैशाचा व्यवहार दिसत नाही, एवढं तुमच्याच वर्णनावरून सांगता येतं. वाहतूक शाखेत चिरीमिरी चालते हे नाकारण्यात अर्थ नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांच्या बातम्या सगळेच वाचतात. पण शाखेत चालतं यावरून तुमच्या वडिलांनी घेतलं असं ठरत नाही, आणि तुम्ही कितीही चिडून लिहिलंत तरी त्यांनी कधीच घेतलं नाही असंही ठरत नाही. तुमची दोन पानं खरं तर या शंकेला उत्तर म्हणून लिहिली गेलीत का, हे स्वतःला एकदा विचारून बघा. तसं असेल तर ती चुकीच्या पत्त्यावर निघाली होती.

एक मात्र लोकांना माहीत नसतं, ते तुम्हाला माहीत असावं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही सरळ गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. अडवून, दबावाने घेतली असेल तर देणाऱ्याला सात दिवसांत तक्रार करून सुटता येतं. त्यासाठी १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. म्हणजे ‘मला दोनशे द्यावे लागले’ असं प्रतिक्रियेत लिहिणाऱ्याकडे मोजून सात दिवस असतात, आणि ते तो तिथे टाइप करण्यात घालवतो. खरा दंड कसा ओळखायचा हेही सोपं आहे : पैसे दिले आणि चलान क्रमांक आला नाही, तर तो दंड नव्हता. आपणहून ‘साहेब, काहीतरी करा ना’ म्हणणारा चालकही या व्यवहारात असतो. गणवेशातल्याची जबाबदारी त्याने कमी होत नाही, मोठी तीच राहते.

वडिलांना ‘घेतलंत का’ असं थेट विचारू नका. उत्तर ‘नाही’ आलं तर तुमचा विश्वास बसेलच असं नाही, आणि प्रश्न मात्र घरात कायमचा राहील. कामाबद्दल विचारा. त्या दिवशी तो मुलगा नेमकं काय म्हणाला होता? चावी का काढलीत? दृश्य संपल्यावर पुढे काय झालं, चलान झालं की सोडून दिलं? पहिल्यांदा पॉइंटवर उभं केलं तेव्हा कोण होतं सोबत? माणूस पैशाबद्दल बोलायचाच असेल तर अशा गप्पांतूनच बोलतो. नाही बोलला तर तेही ऐकून घ्या.

आणि तो टीव्हीचा आवाज. ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ही कानांसाठी साधारण धरली जाणारी मर्यादा. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन. गजबजलेल्या चौकात वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या अनेकांच्या कानांवर याचा परिणाम होतो. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. माणसाला बोलणं ऐकू येतं पण ‘स’, ‘श’, ‘त’ निसटतात, शब्द लागत नाहीत, मग तो टीव्ही मोठा करतो आणि घरच्यांना ‘सोड’, ‘राहू दे’ म्हणून टाळतो. तसंच असेल असं मी म्हणत नाही, पण तपासून घ्या. सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात आधी मळ आहे का ते पाहतात, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी करतात, अर्ध्या तासाचं काम. तपासणीआधी निदान चौदा तास गोंगाटात राहिलेलं नसावं, नाहीतर कान तात्पुरते बधिर असतात आणि आकडे चुकतात. म्हणून ड्युटीवरून परस्पर नको, साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी न्या. निवृत्तीच्या आधी करा आणि कागद जपून ठेवा, म्हणजे सेवेत असतानाची नोंद हाती राहील.

तोवर, त्यांच्याशी बोलायला बसाल तेव्हा टीव्ही बंद करा, पंखा एकवर आणा आणि शेजारी नाही, समोर बसा, तुमचे ओठ त्यांना दिसतील असे.